खिडकी कुणाच्या वाट्याला?

सदर : पाहू या, मोजू या!



आधी एक कोडं घालते. भिंतीत असते, पण भिंत नव्हे. दाराची धाकटी बहीण, पण तिच्यातून कुणी ये-जा करत नाही. तिच्यातून वारा येतो, उजेड येतो, शेजारच्या भज्यांचा वास येतो आणि नेमका परीक्षेच्या दिवसांत बाहेर खेळणाऱ्या पोरांचा आरडाओरडाही येतो! सांगा पाहू कोण?

बरोब्बर. खिडकी!

मागच्या खेपेला आपण माठातलं पाणी गार का होतं ते पाहिलं. त्यावर एका मुलाचं पत्र आलंय. तो लिहितो, ‘बाई, माठाचं कळलं. पण आमचं जुनं मातीचं घर पंखा नसतानाही गार असायचं. आता नवं घर बांधलंय. पुढच्या खोलीला सहा फुटी काचेची सरकती खिडकी आहे, जुन्या घराच्या खिडकीच्या तिप्पट. तरी दुपारी घरात बसवत नाही. असं कसं?’

प्रश्न झकास आहे. पण एका वाक्यात उत्तर देण्यासारखा नाही. त्यासाठी आधी जुन्या घरात जाऊन यायला हवं. चला तर. डोकं सांभाळा हं, चौकट बुटकी आहे!

जुन्या वाड्याचं बाहेरचं दार भलंमोठं असायचं. पण ते रोज सगळं उघडायचं नाही. त्या मोठ्या दाराच्या एका फळीतच एक लहान दार केलेलं असे. त्याला दिंडी म्हणतात. लग्नकार्य असेल, बैलगाडी आत घ्यायची असेल, तर मोठं दार. एरवी दिंडीतून वाकून आत. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याला अशी दिंडी आजही आहे. गेलात तर जरूर बघा.

आत आलं की चौक. वर मोकळं आभाळ, भोवती ओसरी आणि खोल्या. गंमत अशी, की बाहेरच्या भिंतीला खाली खिडक्या जवळजवळ नसायच्याच. सगळी दारं-खिडक्या चौकाकडे तोंड करून. चोरा-दरोडेखोरांची भीती होती ना! म्हणून घर बाहेरून मूठ मिटल्यासारखं आणि आतून तळहातासारखं उघडं.

हा चौक म्हणजे घराचं नाकच. रात्री चौकातली फरशी उघड्या आभाळाखाली निवते. तिच्यावरची हवा गार होते. गार हवा जड, ती खालीच राहते आणि भोवतालच्या खोल्यांत पसरते. दुपारी चौकातली हवा तापून वर निघून जाते आणि तिच्या जागी खोल्यांतली हवा ओढली जाते. म्हणजे हवा सारखी हलती राहते. शिवाय भिंती दीड-दोन हात जाड, दगडामातीच्या. बाहेरचं ऊन त्यांच्यातून आत झिरपायला काही तास लागतात. तोवर संध्याकाळ झालेली असते!

कोकणात वेगळी युक्ती. तिथे पाऊस धो धो. म्हणून उतरतं कौलारू छप्पर आणि घराभोवती पडवी. छप्पर इतकं खाली आलेलं, की ऊन आणि पाऊस दोघेही पडवीतच थांबतात. भिंतीपर्यंत पोचतच नाहीत.

अजून एक गोष्ट तुमच्या लक्षात आलीय का? पुष्कळ जुन्या घरांत खिडकी जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर असते. कारण लोक जमिनीवर बसत, जमिनीवर झोपत. मग वारा कुठे हवा? बसलेल्या माणसाच्या तोंडावर! आज आपली खिडकी तीन फुटांवर सुरू होते. खुर्चीवर बसणाऱ्याला ठीक, पण खाली सतरंजीवर बसून अभ्यास करणाऱ्याच्या डोक्यावरूनच वारा निघून जातो.

जुन्या लोकांनी किती विचार केला होता, असं वाटतं ना? वाटायलाच हवं. पण थांबा. अजून आपण सगळं घर पाहिलेलं नाही. ओसरीवर बसून वाड्याचं कौतुक करणं सोपं आहे. जरा माजघरात चला. त्याच्याही पलीकडे स्वयंपाकघरात चला.

काय दिसतंय? काहीच नाही! भर दुपारी अंधार. चुलीचा धूर. वर एक वीतभर झरोका. भिंतीला हात लावा, ओल लागेल. सोलापूर, मराठवाड्याकडच्या माळवदाच्या घरांत छतालाच एक भोक ठेवतात, त्याला कुठे साणं म्हणतात, कुठे सवणं. धूर जायचा तोच रस्ता आणि उजेड यायचाही तोच. घरातल्या बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत या अंधारात राबायच्या. गार ओसरी, झुळझुळ वारा हे सगळं घरात होतं. पण ते बहुतेक पाहुण्यांच्या आणि पुरुष मंडळींच्या वाट्याला!

मग स्वयंपाकघराला मोठी खिडकी का केली नाही? चोरांचं कारण तर होतंच. दुसरं म्हणजे, भिंतीत मोठं भोक ठेवलं तर वरच्या भिंतीचं ओझं कोण पेलणार? त्यासाठी वर जाडजूड लाकडी तुळई हवी. भोक जितकं रुंद, तितकी तुळई जाड आणि तितके पैसे जास्त. आणि तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. काच महाग होती. खिडकीला लाकडी झडपा. पाऊस आला की झडप लावायची. झडप लावली की पाऊस बाहेर, पण उजेडही बाहेर! वारा नको असेल तर उजेडही सोडायचा, अशी सक्तीच होती.

गोव्यातल्या लोकांनी यावर सुंदर तोड काढली. पोर्तुगीज अमलात तिथे जी घरं बांधली गेली, त्यांना रस्त्याच्या बाजूने मोठमोठ्या खिडक्या होत्या. काचेऐवजी त्यांनी समुद्रातल्या चपट्या, पातळ शिंपल्या घेतल्या, त्या चौकोनी कापल्या आणि लाकडी पट्ट्यांमध्ये ओळीने बसवल्या. पाऊस बाहेर अडला, पण उजेड दुधासारखा मऊ होऊन आत आला. डोळ्यांवर तिरीप नाही की काही नाही.

आपल्याकडेही एक छोटीशी वस्तू आली आणि तिने माजघराचं नशीब पालटलं. ओळखा बरं! काचेचं कौल. मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. ती मंगळुरी कौलं पुढे कोकणात आणि घाटावरही घरोघर चढली. त्याच मापाचं काचेचं कौलही मिळू लागलं. मातीच्या कौलांच्या ओळीत मध्येच एक काचेचं कौल सरकवलं, की माजघराच्या जमिनीवर उन्हाचा एक चौकोन पडतो. सकाळी तो एका भिंतीशी असतो, दुपारी मध्यावर येतो आणि संध्याकाळी दुसऱ्या भिंतीवर चढतो. घड्याळ नसलेल्या घरात त्या कवडशावरून स्वयंपाकाची वेळ ठरायची. जुन्या छपरात नवी काच! जुनं आणि नवं एकत्र कसं नांदवायचं, ते त्या एका कौलाने किती सहज दाखवून दिलं.

आता आपल्या पत्रलेखक मित्राच्या नव्या घरात येऊ या. आता सिमेंट आहे, लोखंडी सळई आहे. खिडकीवर दोन्हींची मिळून तुळई टाकता येते. गवंडीकाका तिला लिंटल म्हणतात. त्यामुळे सहा फूटच काय, दहा फुटांची खिडकीही ठेवता येते. काचही स्वस्त झाली. म्हणजे जुन्या लोकांच्या दोन मोठ्या अडचणी मिटल्या. मग घर तापतं का?

पहिलं कारण. सरकती खिडकी निम्मीच उघडते! सहा फूट रुंद, चार फूट उंच म्हणजे २४ चौरस फूट. पण एक काच दुसऱ्या काचेमागे सरकते, म्हणून वारा येतो फक्त १२ चौरस फुटांतून. जुनी दोन झडपांची खिडकी लहान असली, तरी पूर्ण उघडायची.

दुसरं कारण. वाऱ्याला आत यायला वाट हवी, तशी बाहेर जायलाही हवी. बाटलीत फुंकर मारून बघा. हवा आत जाते का? नाही, तोंडावरच परत येते. खोलीला एकाच बाजूने खिडकी असेल, तर ती खोली म्हणजे बाटली. समोरच्या भिंतीत दुसरी खिडकी किंवा दार असेल, तर ती बासरी!

तिसरं कारण काच. उन्हात उभ्या असलेल्या, काचा लावलेल्या मोटारीत बसलायत कधी? ऊन काचेतून आत शिरतं आणि आतल्या वस्तू तापतात. त्या वस्तूंची उष्णता मात्र काचेतून तितक्या सहज बाहेर पडत नाही. सावली नसलेली मोठी काच म्हणजे घराला लावलेली भट्टीच.

आणि चौथं कारण, दिशा. त्याने लिहिलंय, की खिडकी पश्चिमेला आहे. इथे थोडं भूगोलाचं पुस्तक उघडू या. दुपारी सूर्य आकाशात उंच असतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला, तर पुण्याच्या आसपास २१ मार्चला भर दुपारी त्याची सावली जवळजवळ सहा फूट खाली येते. चार फुटी खिडकी पूर्ण झाकली जाते. २२ डिसेंबरला सूर्य खाली कललेला असतो. तेव्हा सावली सव्वादोन फुटांवरच थांबते आणि खालून कोवळं ऊन घरात येतं. म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि थंडीत ऊन, तेही फुकट! उत्तरेच्या खिडकीतून तर दिवसभर उजेड येतो, ऊन फारसं येत नाही. पण सकाळी पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला सूर्य इतका खाली असतो, की छज्जाची डाळ शिजत नाही. ऊन आडवं आत घुसतं. तिथे ओसरी हवी, झाड हवं, निदान बाहेरून तट्ट्या तरी हव्यात.

‘बाई, पण आमच्याकडे वारा पश्चिमेकडूनच येतो, मग?’ असं कुणीतरी नक्की विचारणार. मुंबईत हाच पेच आहे. समुद्राचा वारा पश्चिमेचा, दुपारचं ऊन पश्चिमेचं आणि पावसाची झोडही तिकडचीच. मुंबईच्या जुन्या बंगल्यांनी त्यावर उपाय केला होता. घराभोवती खोल व्हरांडा. म्हणजे आपली पडवीच की! चार्ल्स कोरिया (१९३०-२०१५) या नामवंत वास्तुशिल्पकाराने तोच व्हरांडा उचलून उंच इमारतीत नेला. मुंबईची ‘कांचनजंगा’ इमारत १९८३ साली पूर्ण झाली. उंची ८४ मीटर, घरं ३२. इमारतीचे कोपरे कोरून प्रत्येक घराला दोन मजले उंचीची गच्ची दिली आहे, तिच्यात झाडं लावता येतात. आतली दारं-खिडक्या त्या गच्चीच्या सावलीत. वारा येतो, ऊन-पाऊस मात्र गच्चीतच थबकतात. पडवी चढली आभाळात!

ही झाली पैसेवाल्यांची घरं, असं म्हणाल. खरं आहे. पण याच कोरियांनी १९८०च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला निरनिराळ्या मिळकतीच्या कुटुंबांसाठी साधी घरं आखली. सात-सात घरं एका लहान चौकाभोवती आणि प्रत्येक घराला स्वतःचं थोडं उघडं अंगण. वाड्यातला चौक इथे सात घरांत वाटून घेतला. पुढे कुटुंबं वाढली, तशी लोकांनी तिथली बरीच घरं वाढवली, काही पाडून नवी बांधली.

तिकडे केरळात लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी आणखी सोपं केलं. खिडकी म्हणजे चौकट, झडपा, काच, गज, बिजागऱ्या. भिंतीपेक्षा ती महागच पडते. त्यांनी विटाच मध्ये मध्ये जागा सोडून रचल्या. झाली विटांची जाळी! उजेड येतो, वारा येतो, चोर येत नाही.

म्हणजे बघा, ‘जुनं ते सोनं’ म्हणून अंधारात बसायचं कारण नाही आणि ‘नवं ते छान’ म्हणून काचेच्या भट्टीत भाजून घ्यायचंही कारण नाही. जुन्याकडून सावली आणि समोरासमोरच्या वाटा घ्यायच्या, नव्याकडून काच आणि लिंटल घ्यायचं. एवढं केलं, की मोठी खिडकी मानवते. पण एक प्रश्न तरी उरतोच, आणि तो गवंडीकाकांना विचारून सुटत नाही. मोठी खिडकी द्यायची कुणाला?

आमच्या चौथीच्या वर्गाला मी एकदा घरचा अभ्यास दिला होता. घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहा. दिवसा तो कोणत्या खोलीत जास्त वेळ असतो, किती तास असतो आणि त्या खोलीची खिडकी किती चौरस फुटांची आहे, ते पट्टीने मोजून लिहा. नकाशा असेल तर नकाशावरून लिहा. एका मुलीचं घर तेव्हा बांधायला काढलेलं होतं. जोतं झालं होतं. तिने कोष्टकात लिहिलं होतं : ‘अण्णा, पुढची खोली, दोन तास, २४ चौरस फूट. आज्जी, पुढची खोली, सहा तास, २४ चौरस फूट. आई, स्वयंपाकघर, सात तास, दीड चौरस फूट.’

दीड चौरस फूट! म्हणजे दीड फूट बाय एक फुटाची खिडकी. आपल्या देशाच्या राष्ट्रीय इमारत संहितेत एक सोपं प्रमाण दिलेलं आहे. कोरड्या, उष्ण हवेच्या भागात खिडक्या खोलीच्या जमिनीच्या निदान एक दशांश हव्यात. दमट, उष्ण भागात एक षष्ठांश. आमचा भाग कोरडा. तिचं स्वयंपाकघर १० फूट बाय ८ फूट, म्हणजे ८० चौरस फूट. एक दशांश किती? ८ चौरस फूट. हवेत आठ आणि मिळणार होते दीड! तिने खाली लाल पेन्सिलने वजाबाकी करून ठेवली होती : साडेसहा कमी.

तिच्या अण्णांनी काही मुद्दाम केलं नव्हतं. त्यांच्या मोबाइलमध्ये शहरातल्या एका बंगल्याचा फोटो होता. पुढे मोठ्ठी काच. तशीच आपल्या घराला हवी, अशी त्यांची हौस. स्वयंपाकघराची खिडकी नेहमी असते तेवढी धरली होती. घरातलं कुणी त्यावर बोललंच नव्हतं. आईसुद्धा नाही.

वही घरी गेली. दुसऱ्या दिवशी अण्णा गवंड्याला घेऊन जोत्यावर उभे राहिले. पुढची खिडकी सहाऐवजी चार फुटांची केली, सरकत्या काचेऐवजी दोन काचेच्या झडपांची. पुढची बाजू पश्चिमेची, म्हणून तिच्यापुढे पाच फुटांची कौलारू ओसरी. वाचलेल्या पैशांत स्वयंपाकघराला उत्तरेकडे तीन फूट बाय तीन फुटांची खिडकी. किती झाले? ९ चौरस फूट. पास!

आज्जीचं म्हणणं वेगळंच होतं. जुन्या घराचं पितळी कड्यांचं सागवानी दार मोडीत द्यायला ती तयार नव्हती. पण ते बुटकं, पुढच्या बाजूला शोभेना. शेवटी ते स्वयंपाकघराच्या परसाकडच्या भिंतीत बसवलं. दाराची चौकट आता खाली वाकायला लावते, पण दार उघडलं की खिडकीतून आलेला वारा तिथून निघून जातो. बासरी तयार!

घर झाल्यावर त्यांनी मला चहाला बोलावलं होतं. मुलीची आई नव्या खिडकीपाशी सुपात तांदूळ घेऊन बसली होती. मी म्हटलं, ‘छान उजेड आहे हो.’ त्या म्हणाल्या, ‘बाई, पंधरा वर्षं तांदूळ निवडायला मी बाहेर ओसरीवर जात होते. तिथे कुणी पाहुणं बसलेलं असलं, की ते जाईपर्यंत थांबायचं. आता खडा बसल्या जागी दिसतो.’

करून बघा

१. मोठ्या माणसाला सोबत घेऊन उदबत्ती पेटवा आणि ती खिडकीजवळ धरा. पडदे दूर करा. धूर कुठे जातो? आता समोरचं दार उघडा. धुराची वाट बदलली का?

२. खोलीची लांबी-रुंदी मोजा. खिडकीचा जो भाग खरोखर उघडतो, तोही मोजा. एक दशांश भरतो का? कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर एक षष्ठांश काढा.

३. खिडकीची दिशा बघा. सकाळी ८, दुपारी १२ आणि संध्याकाळी ५ वाजता ऊन कुठपर्यंत आत येतं, तिथे खडूने रेघ मारा. महिन्याने पुन्हा मारा.

४. घरात एकच खिडकी आहे? हरकत नाही. चाळीत, एका खोलीतही करण्यासारखं असतं. खिडकीसमोरचं कपाट बाजूला सरकवा. दारावर झडप असेल तर ती उघडी ठेवा, तापलेली हवा तिथून निघून जाते. खिडकीसमोरच्या भिंतीला पांढरा रंग द्या. आलेला उजेड ती परत खोलीभर वाटते.

५. आणि आता ते कोष्टक : माणूस, खोली, तास, चौरस फूट. भाड्याचं घर असो की स्वतःचं, जुनं असो की नवं, कोष्टक सगळ्यांनी करायचं. सगळ्यात जास्त तास ज्याचे, त्याला सगळ्यात कमी चौरस फूट आले असतील, तर वही घरात सगळ्यांना दाखवा. भांडायचं नाही हं, फक्त दाखवायची. खिडकी लगेच मोठी होणार नाही, पण बसायच्या जागांची अदलाबदल तर आजच करता येईल?

कोष्टकं मला पाठवा. वाट बघते.

तुमच्या,
बाई